गिटार येते, थिअरी येत नाही : 'काळी पाच' म्हणजे कुठला फ्रेट?

सहावी_तार | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, लाज गुंडाळून ठेवून विचारतोय.

सोळा वर्षं गिटार वाजवतोय. होस्टेलवर एका मित्राने कॉर्डच्या तक्त्याची झेरॉक्स दिली होती, तिथून सुरुवात. पुढे यूट्यूब. मधे तीन महिने इथल्या एका क्लासला जाऊन आलो. दर आठवड्याला चार कॉर्ड, एक गाणं, चला पुढे. ही कॉर्ड इथेच का, असं विचारलं की सर म्हणायचे, "आधी बोटं बसू देत." बोटं बसली, बाकी सगळं अजून उभंच आहे.

परवा गणपतीत इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाचा भावगीतांचा कार्यक्रम होता. तालीम एकच, तीही आदल्या रात्री. गाणाऱ्या काकूंनी मोबाइलवर तंबोरा लावला आणि पेटीवाल्यांना म्हणाल्या, "काळी पाच." त्यांचा हात तिथे गेलासुद्धा. मग माझ्याकडे वळून, "तुमचं जमेल ना काळी पाचला?" मी म्हटलं, हो. काळी पाच म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. एकेक फ्रेट दाबत सूर शोधेपर्यंत पहिलं कडवं संपलं होतं. कार्यक्रमात मी शेवटी ॲम्पचा आवाज शून्यावर नेला आणि पाच गाणी नुसता हात हलवला. घरी आल्यावर बायको म्हणाली, आज गिटार छान ऐकू येत होती.

तर आता थिअरी शिकायचीच आहे. नेटवर बघितलं की मोड, सर्कल ऑफ फिफ्थ्स, सेकंडरी डॉमिनंट असली नावं अंगावर येतात. स्टाफ नोटेशन शिकावं लागेल का? मकरपुऱ्याहून घरी यायला सात वाजतात, रोज अर्धा तास मिळतो. लहानपणी आईने गाण्याच्या क्लासला घातलं होतं, 'प्रारंभिक' देऊन सोडलं. त्यातले अलंकार तेवढे आठवतात. ते काही थिअरीत धरता येणार नाहीत.

---

पोह्यांवर_शेव | मंगळवार, सकाळी ७:१५

माझीही तीच गत. जागा धरून बसतो. (शून्य आवाजाचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, तू पण असंच करतोस का?)

---

सरळसोट | मंगळवार, सकाळी ९:०२

शॉर्टकट शोधू नका. पाच रेघांचं नोटेशन शिका, ग्रेडच्या परीक्षा द्या. एबीआरएसएमच्या (लंडनचं ते संगीत परीक्षा मंडळ) वरच्या ग्रेडला बसायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या तोडीची परीक्षा द्यावी लागते, ती काय उगाच ठेवलेली नाही. वाचता येत नाही तो निरक्षरच.

---

बारा_पडदे | मंगळवार, दुपारी १:३०

@सरळसोट, नोटेशनला विरोध नाही. पण गिटारवाल्याची अडचण वेगळी आहे. पियानोवर कागदावरच्या एका टिंबाला एकच पट्टी. गिटारवर पहिल्या तारेचा खुला सूर घ्या. तोच सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या. पाच जागा! त्यातली कुठली, ते टिंब सांगत नाही. वर गिटारचं लिखाण प्रत्यक्ष आवाजाच्या एक सप्तक वर लिहायची पद्धत आहे. अर्धा तासवाल्या माणसाला हे पहिल्या दिवशी दिलं तर दिवाळीआधी गिटार माळ्यावर जाईल.

धागाकर्त्यांनी आधी सांगावं की थिअरी हवी कशाला. परीक्षेला की काकूंना?

---

सहावी_तार | मंगळवार, रात्री ८:१०

काकूंना! कोजागरीला पुन्हा कार्यक्रम आहे.

---

भाता | मंगळवार, रात्री १०:२५

मी पेटी वाजवतो, चाळीस वर्षं झाली. तुमच्या कार्यक्रमातला पेटीवाला मी नव्हे, घाबरू नका.

काळी पाच तुमच्या नावातच आहे, सहाव्या तारेचा सहावा फ्रेट. कसा ते बघा. पेटीवर सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या. गिटारवाले ज्याला सी म्हणतात ती पांढरी एक. तिथून पांढऱ्या वेगळ्या मोजायच्या, काळ्या वेगळ्या. तुमची सहावी तार खुली सोडलीत की ई, म्हणजे पांढरी तीन. पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच. पुढे सातवा पांढरी सात, आठवा पांढरी एक, आणि बाराव्याला परत पांढरी तीन. दोन पांढऱ्या शेजारी येतात त्या दोनच जागी, तीन-चार आणि सात-एक. एवढं पाठ करा, तुमची निम्मी अब्रू वाचली.

आता उरलेली निम्मी. काकू जेव्हा काळी पाच म्हणतात तेव्हा त्या फक्त त्यांचा सा कुठे आहे ते सांगतात. गाणं तेच असतं, मुक्काम बदलतो. आम्हाला त्यासाठी बोटं बदलावी लागतात. तुमच्याकडे तो चिमटा आहे ना, कॅपो? जी कॉर्डची ठेवण येते ना? तिसऱ्या फ्रेटवर चिमटा लावून जी धरा. जी म्हणजे पांढरी पाच, तिथून तीन घरं (एक फ्रेट म्हणजे एक घर) वर काळी पाच. ए धरून पहिल्या फ्रेटवर लावलात तरी तेच. काळी दोन हवी तर सी धरून तिसऱ्यावर किंवा डी धरून पहिल्यावर. काळी एकला सी धरून पहिल्यावर.

आणि एक सापळा सांगून ठेवतो. कधी कधी गायिका म्हणेल, "काळी एक, पण हे मध्यमातून." म्हणजे काळी एकचा जो मध्यम, त्याला या गाण्यापुरता सा मानायचं. काळी एकपासून पाच घरं मोजा, काळी तीन. नवखा इथे हमखास फसतो. मीही फसलो आहे, पाचशे माणसांसमोर.

अवांतर : राहता दांडिया बाजाराजवळ आणि थिअरी यूट्यूबवर शोधता? सूरसागराकाठी मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तीच आजच्या म्युझिक कॉलेजची सुरुवात. गाणं कागदावर उतरवून वर्गात शिकवायचा खटाटोप त्यांनी तेव्हाच केला. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच भरली, भातखंडे होते तिच्यामागे. एक चक्कर मारून या.

---

सहावी_तार | मंगळवार, रात्री ११:५५

भाताकाका, दंडवत! आत्ता हेडफोन लावून करून पाहिलं. तिसऱ्यावर कॅपो, जीची ठेवण, आणि काकूंच्या तालमीचं रेकॉर्डिंग. लागलं! सोळा वर्षं कॅपोला मी 'गाणं उंच करायचा चिमटा' समजत होतो.

पण मग सी, डी, ई मायनर या कॉर्ड जीबरोबरच का येतात? हेही तक्त्यात होतं म्हणून करतो.

---

बारा_पडदे | बुधवार, दुपारी २:१०

आता जेवणाच्या सुट्टीत लिहितो, सावकाश वाचा.

तुम्ही म्हणालात अलंकार थिअरीत धरता येणार नाहीत. तेच धरायचे आहेत. सा म्हणजे एक, रे दोन, ग तीन, म चार, प पाच, ध सहा, नी सात. पाश्चात्त्य लोक रोमन आकड्यांत लिहितात ते हेच. आता "सा ग प, रे म ध, ग प नी, म ध सां" हा अलंकार आठवतोय? एक सोडून एक. या तीन-तीन सुरांच्या जुड्या म्हणजेच कॉर्ड! तुम्ही आठव्या वर्षी मांडी घालून कॉर्डच म्हणत होतात.

मेजर-मायनरचा फरक मधल्या सुराचा. सा ते ग चार घरं आणि ग ते प तीन, म्हणून सा ग प मेजर. रे ते म तीनच घरं आणि म ते ध चार, म्हणून रे म ध मायनर. सगळे शुद्ध सूर घेऊन बोटांनी मोजा. एक, चार, पाच मेजर निघतात, दोन, तीन, सहा मायनर, आणि सातवी जरा आजारी असते (डिमिनिश्ड). जीला सा माना : चौथी सी, पाचवी डी, सहावी ई मायनर. तुमचा तक्ता हा एवढाच आहे. अक्षरं पाठ करू नका, आकडे करा. मग काकू कुठेही जावोत, तुमचं एक-चार-पाच त्यांच्याबरोबर जाईल.

अजून एक. गिटार लावताना तुम्ही पाच-पाच-पाच-चार-पाच करता ना? सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पाचवीचा सूर मिळतो, वगैरे. कधी विचार केलात की मधेच चार का? पाच घरं म्हणजे सा ते म. तारा मध्यमाच्या अंतराने लावल्यात. म्हणजे सहाव्या तारेवर जिथे सा आहे, त्याच फ्रेटवर पाचव्या तारेला म आणि तिथून दोन फ्रेट पुढे प. एक, चार, पाच एका मुठीत! भाताकाकांच्या सापळ्याचं उत्तरही हेच, शेजारच्या तारेचा तोच फ्रेट. पण सगळीकडे पाच ठेवलं असतं तर पहिली तार ई ऐवजी एफ झाली असती, सहावीशी जुळली नसती, आणि खुल्या कॉर्ड धरताना बोटांना गाठी बसल्या असत्या. म्हणून तिसरी-दुसरीमध्ये एक घर चोरलं आहे. त्या चोरीमुळे दुसऱ्या तारेवर सगळ्या आकृत्या एक घर सरकतात.

---

पोह्यांवर_शेव | बुधवार, दुपारी ३:००

"सातवी जरा आजारी असते" हसून हसून पुरेवाट! वाचनखूण साठवली आहे.

---

कोमल_रिषभ | बुधवार, रात्री ९:४५

ग्वाल्हेरहून लिहितेय, इथल्याच लश्कर भागात वाढले, गाणं शिकते. वरचं सगळं भावगीतापुरतं ठीक. पण आता कोणीतरी 'काफी थाट म्हणजे डोरियन मोड' म्हणणार आणि राग शिकलो असं समजणार, म्हणून आधीच येऊन बसले.

थाट ही भातखंड्यांनी केलेली रागांची मांडणी आहे, दहा खणांचं कपाट. खण म्हणजे कपडे नव्हेत. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, तेवढेच सूर. भूप ग वर रमतो आणि पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) राहतो, देशकार ध धरून उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) फिरतो. गिटारवाल्याच्या लेखी दोन्ही 'मेजर पेंटाटॉनिक'. देशकार गाताना पाय जरा घसरला की भूप होतो आणि गुरुजी तंबोरा थांबवतात. ही थिअरी तुमच्या तक्त्यात कुठे बसते?

---

बारा_पडदे | बुधवार, रात्री १०:३०

बसत नाही, मान्य. पण डोरियनचं मी म्हणणारच होतो :) बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज, आसावरी हे सहा थाट म्हणजे मेजर स्केलचे सहा मोड (स्केल तीच, सुरुवात वेगळ्या सुरावरून), सूर तेच. सातवा लोक्रियन, त्याला शुद्ध पंचमच नाही, म्हणून थाटही नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा, तोडी मेजर स्केल कुठूनही सुरू केली तरी मिळत नाहीत. एवढी नावं माहीत असली की यूट्यूबवरचे इंग्रजी व्हिडिओ निदान कळतात. त्यापलीकडे राग शिकल्याचा दावा नाही.

---

कोमल_रिषभ | बुधवार, रात्री ११:०५

चला, तेवढं चालेल. मग तुमच्या पेंटाटॉनिकवाल्यांसाठी माझ्याकडूनही एक. माझा भाऊ गिटार वाजवतो, त्याने ते 'पाच बॉक्स' (पेंटाटॉनिकच्या बोटांच्या आकृत्या) रट्टा मारून पाठ केलेत. त्याला एकदा समोर बसवलं. मी सुरावर तंबोरा लावला आणि म्हटलं, भूपाचेच पाच सूर वाजव, पण मी सांगेन त्याला सा मान. सी वरचा भूप घेतला, सी डी ई जी ए. मग तंबोरा डी वर नेला, सूर तेच पाच. मध्यमाद सारंगाचा रंग आला. ई वर नेला, तर समोर मालकंस! जी वर दुर्गा. ए वर धानी, ज्याला हा पठ्ठ्या गेली कित्येक वर्षं 'ब्लूजवाली मायनर पेंटाटॉनिक' म्हणून घासत होता. बोटं एकाच जागी फिरत होती, खालचा सा तेवढा हलत होता. आमच्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. भाऊ दहा मिनिटं गप्प बसला, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

सहावी_तार, अर्ध्या तासातली दहा मिनिटं हे करा. तंबोऱ्याचं ॲप आहेच. पण तंबोरा चालू ठेवूनच, नाहीतर पाचही सारखेच वाटतील.

---

ढोल_वाजतोय | गुरुवार, दुपारी १२:२०

सूर सूर काय चाललंय, नवरात्र तोंडावर आलंय. बडोद्यात गिटार हातात असलेल्या माणसाला गरब्याचं बोलावणं येणारच. गरब्याचा ताल हींच, ती सहा मात्रांची. यूट्यूबवाले चारच्या मोजणीत उजवा हात शिकवतात, तो इथे उपयोगाचा नाही. एक-दोन-तीन चार-पाच-सहा, एक वर आणि चार वर टाळी देऊन बघा. मग त्याच सहावर तीन टाळ्या द्या, एक-तीन-पाच. दोन्ही आलटून पालटून जमलं की ढोलवाला तुमच्याकडे माणूस म्हणून बघायला लागतो. ताल हीसुद्धा थिअरीच आहे राव, पुस्तकवाले ती शेवटच्या पानावर टाकतात.

---

सहावी_तार | रविवार, रात्री १०:५०

चार दिवस केलं. मूर्च्छनेचा प्रयोग करताना ई वर मालकंस आला तेव्हा खरंच दिवा बंद करून बसलो. टाळ्या ऑफिसच्या बसमध्ये देतो, शेजारचे जागा बदलून बसले.

आता एक तक्रार. तंबोऱ्याबरोबर माझी गिटार बेसूर वाटते. ट्यूनरवर सगळे दिवे हिरवे. तिसरी तार जरा उतरवली की ई कॉर्ड अशी गोड लागते की बस, पण मग जी कॉर्ड रडते. जी लावली की ई टोचते. दुकानात नेली तर नवीन तारा गळ्यात मारल्या. गिटार खराब आहे का?

---

बारा_पडदे | सोमवार, दुपारी १:४५

गिटार चांगली आहे, तुमचा कान सुधारलाय. अभिनंदन!

सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करून फ्रेट ठोकतात. उरलेल्या तारेला १७.८१७ ने भागायचं, तिथे पुढचा फ्रेट. ६५० मिलिमीटरची तार असेल तर पहिला फ्रेट ३६.५ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर, ३२५ ला. यात प्रत्येक घर शंभर सेंटचं (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप), म्हणून सा ते ग चारशे. पण तंबोऱ्यातून जो ग आपोआप ऐकू येतो तो साच्या सव्वापट, म्हणजे साधारण ३८६ सेंटवर. तुमचा ग चौदा सेंट चढा आहे आणि जन्मभर राहणार. ई कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर नेमका ग येतो, म्हणून तार उतरवली की ती कॉर्ड गोड. जी कॉर्डमध्ये तीच तार खुली, तिथे ती सा असते, आणि उतरलेला सा कोण सहन करणार? ट्यूनर सांगतो तिथे ठेवा आणि सगळ्या कॉर्डना थोडं थोडं दुःख वाटून द्या.

---

भाता | सोमवार, रात्री ९:१५

आम्हा पेटीवाल्यांना हे दुःख जुनं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं चालली. कारणांत हे एक होतंच, आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही हे दुसरं. तुम्ही निदान तार खेचू शकता. ब्रिजभूषण काब्रांनी तर फ्रेटचा नादच सोडला, गिटार आडवी घेऊन वरून सळई फिरवली. आम्ही पट्टी खेचायला गेलो तर हातात येते.

---

सरळसोट | सोमवार, रात्री ११:३०

इतकं सगळं तोंडी सांगण्यापेक्षा लिहिता-वाचता आलं असतं तर एका पानात झालं असतं. एवढंच म्हणतो.

---

कोमल_रिषभ | मंगळवार, सकाळी ८:००

@सरळसोट, आत्ता आपण सगळे लिहूनच बोलतोय. हलके घ्या.

---

सहावी_तार | कोजागरीनंतरचा दिवस, दुपारी ४:२०

धागा वर काढतोय. काल कार्यक्रम झाला, मंडळाच्या गच्चीवर. दूध आटवायला ठेवलेलं, डास, सगळं साग्रसंगीत.

मी घरून काळी पाचची तयारी करून गेलो होतो, तिसऱ्यावर कॅपो, जीची ठेवण. काकू आल्या त्या मफलर गुंडाळूनच. म्हणाल्या, "घसा बसलाय, आज काळी चार धरू या." पेटीवाले नुसते "बरं" म्हणाले. मी कॅपो तिसऱ्यावरून पहिल्यावर आणला आणि तेच वाजवलं. आवाज शून्यावर नव्हता.

चौथ्या गाण्याला काकू मागे वळल्या, "हे मध्यमातून घेते हं." माझ्या पोटात गोळा. मग डोळ्यांसमोर सहावी तार आली. शेजारची तार, तोच फ्रेट. जीचा मध्यम सी. म्हणजे कॅपो हलवायचाच नाही, जीऐवजी सीची कुटुंबं! (सीचं कुटुंब म्हणायचं होतं, अजून हात थरथरतोय.) सी, एफ, जी. पहिल्या ओळीला मी चुकून जीवरच गेलो, पेटीवाल्यांनी भुवई उचलली, दुसऱ्या ओळीला जागेवर आलो.

एफची बार कॉर्ड मात्र अजून खरखरते. पहिल्या तारेवर तर्जनी बसतच नाही. सोळा वर्षांत बसली नाही. यावर कोणाकडे थिअरी आहे का?

---

भाता | त्याच दिवशी, रात्री ९:५०

थिअरी नाही. वरच्या तीन-चार तारांपुरतीच धरा, बाकीचं मी पेटीवर भरून काढतो. पुढच्या कार्यक्रमाची तारीख कळवा.